शरीरातील विरजण

‘अंगावर पांढरे जाते’ ही तक्रार घरात दबक्या आवाजातच सांगितली जाते. ती जावेच्या कानी जाते, फार तर सासूच्या. डॉक्टरांपर्यंत पोहोचेतो महिने उलटतात. दुकान, सणवार, मुलांच्या परीक्षा यांत स्वतःच्या दुखण्याची पाळी शेवटी येते. त्यातच हा विकार अस्वच्छतेचा, असा खोटा कलंक त्याला चिकटलेला. वस्तुतः योनीमार्ग आतून वारंवार धुण्याने, सुगंधी द्रावणे वापरण्याने तो बळावतो. कारण त्या धुण्यात रक्षकच वाहून जातात.

हे रक्षक प्रथम नोंदवले ते जर्मन प्रसूतितज्ज्ञ आल्बर्ट ड्योडरलाइन यांनी, १८९२ साली. बाळंतज्वराचा अभ्यास करताना त्यांना निरोगी स्त्रियांच्या योनीस्रावात काडीच्या आकाराचे, आम्ल निर्माण करणारे जिवाणू आढळले. आज ते लॅक्टोबॅसिलस या नावाने ओळखले जातात. इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या प्रभावाने योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन साठते. त्यापासून मिळणाऱ्या साखरेचे हे जिवाणू दुग्धाम्ल करतात आणि तेथील सामू साधारण ३.८ ते ४.५ इतका राखतात. एवढ्या आंबट जागी बहुतेक रोगजंतूंचे फावत नाही. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते, तसे हे संरक्षणही विरते.

लॅक्टोबॅसिलस कमी होऊन इतर जिवाणूंची गर्दी झाली की ‘बॅक्टेरिअल व्हजायनोसिस’ होतो. स्राव पातळ, करडसर असतो व त्याला माशासारखा दर्प येतो. दह्याच्या चोथ्यासारखा दाट स्राव आणि असह्य खाज ही बहुधा कँडिडा या बुरशीची लक्षणे. मधुमेह ताब्यात नसेल तर ती पुनःपुन्हा उद्भवते. दोहोंची औषधे वेगळी. म्हणूनच शेजारणीला लागू पडलेली गोळी स्वतः घेणे हा शुद्ध तोट्याचा व्यवहार होय.

बॅक्टेरिअल व्हजायनोसिसवर मेट्रोनिडॅझोल हे प्रतिजैविक गुणकारी आहे, पण वर्षाच्या आत निम्म्याहून अधिक स्त्रियांत तो विकार परत येतो. भांडे घासून लख्ख केले, परंतु विरजण लावलेच नाही, तर दही कोठून लागणार? नेमका हाच विचार करून अमेरिकेत २२८ स्त्रियांवर एक चाचणी झाली. प्रथम मेट्रोनिडॅझोल आणि त्यानंतर ११ आठवडे योनीमार्गात ‘लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस’ या जिवाणूची पूड, असा तो क्रम होता. २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: बाराव्या आठवड्यापर्यंत जिवाणू मिळालेल्यांपैकी ३० टक्के, तर नुसती निरुपद्रवी पूड मिळालेल्यांपैकी ४५ टक्के स्त्रियांत विकार उलटला. लाभ खरा, मात्र तो रामबाण नव्हे.

घरच्या दह्याने हे साधेल काय? दह्याचे जिवाणू सामान्यतः वेगळ्या जातीचे. योनीमार्गात ते मूळ धरतील असा भरवसा नाही. दही खावे, ते पोटाला हितकर आहे. योनीमार्गात मात्र ते लावू नये. तोंडावाटे घ्यायच्या प्रोबायोटिक कॅपसूलांबाबतचा पुरावाही वरील चाचणीपेक्षा कच्चा आहे, आणि बुरशीच्या संसर्गात तर अधिकच. जाहिराती हे सांगत नाहीत.

आणखी एक गोष्ट पुरुषवर्गानेही वाचावी अशी. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत पतीवर किंवा जोडीदारावरही उपचार झाले, तेव्हा १२ आठवड्यांत ३५ टक्के स्त्रियांत विकार परतला. केवळ स्त्रीवर उपचार झालेल्या गटात हेच प्रमाण ६३ टक्के होते. वर्षानुवर्षे एकटीने औषधे घेणाऱ्या स्त्रीला दोष देणाऱ्यांनी हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

गरोदरपणी असा स्राव आढळल्यास विलंब करू नये; या विकाराचा अकाली प्रसूतीशी संबंध दिसून आला आहे. ओटीपोटात दुखणे, ताप किंवा रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे तत्काळ जावे. डॉक्टरांनी प्रोबायोटिक सुचवलेच, तर त्यातील जिवाणूचे पूर्ण नाव विचारून घ्यावे. कॅपसूलचे कवचही पाहावे: जिलेटिन प्राणिजन्य असते, वनस्पतिजन्य सेल्युलोजचे कवच असलेल्या कॅपसूलही मिळतात. वेष्टनावर उल्लेख नसेल तर औषधविक्रेत्याला स्पष्ट विचारावे.