राखेत लोळा, उवा टाळा

पाण्यात भिजलेल्या कोंबडीचं ध्यान ज्यानं एकदा पाहिलंय, त्याला तिची अंघोळ कोरडी का असते हे सांगावं लागत नाही. कोरेगावच्या कुठल्याही वाडीवस्तीवर ऐन दुपारी उकिरड्याकडं नजर टाका. कोंबडी पायानं माती उकरते, खळगा करते, त्यात एका कुशीवर आडवी होते आणि पंख फडफडवून धूळ पार पिसांच्या मुळापर्यंत घुसवते. मग डोळे अर्धवट मिटून अशी निपचित पडते, की नवख्याला वाटावं, गेली बिचारी! थोड्या वेळानं उठते, सगळं अंग झाडते आणि पुन्हा किडे वेचायला लागते. हा कार्यक्रम साधारण दिवसाआड होतो आणि वीस-पंचवीस मिनिटं निवांत चालतो. पिसांवरचं जुनं, चिकट झालेलं तेल धूळ शोषून घेते आणि अंग झाडताना त्या तेलाबरोबर उवांनाही खाली यावं लागतं. अ‍ॅरिस्टॉटलनं सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी पक्ष्यांची धुळीत लोळणारे आणि पाण्यात न्हाणारे अशी वाटणी केली होती. त्यात कोंबडी अर्थातच धुळकट पंगतीला.

तारेवरची अंघोळ

ही सवय कोंबडीला कुणी शिकवत नाही. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच पिलं आपली आपण लोळायला लागतात. गंमत म्हणा किंवा दुःख म्हणा, तारेच्या पिंजऱ्यात जन्म काढणारी अंड्यांची कोंबडीसुद्धा ही अंघोळ सोडत नाही. खाली धुळीचा कण नसताना ती जाळीवर आडवी होते, नसलेली माती उकरते, नसलेली धूळ पंखांवर घेते आणि शेवटी अंगही झाडते. शास्त्रज्ञांनी या खोट्या अंघोळीची रीतसर नोंद केली आहे. उवा मात्र खऱ्याच राहतात. त्यात पिंजऱ्यातल्या कोंबडीची चोच छाटलेली असेल तर आणखी पंचाईत, कारण चोच हाच तिचा कंगवा. चोच छाटलेल्या कोंबड्यांच्या अंगावर उवा आणि माइट नावाचे बारीक किडे कितीतरी जास्त आढळतात.

कोरड्या अंघोळीचे इतरही शौकीन आहेत. हत्ती सोंडेनं अंगावर माती उडवतो. गाढवाचं लोळणं तर जगजाहीर आहे. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात चिंचिला नावाचा गुबगुबीत प्राणी ज्वालामुखीच्या राखेत न्हातो, आणि तो पाळणारे शहरी लोक त्याच्यासाठी दुकानातून धूळ विकत आणतात. आपल्याकडं चिमण्या धुळीत न्हाल्या की पाऊस जवळ आला असं म्हणतात. पाऊस येवो न येवो, चिमण्यांच्या उवांचा बंदोबस्त तरी होतो.

चुलीतलं औषध

जुन्या घरांत कोंबड्यांचं एक आवडतं ठिकाण असायचं, थंड झालेली चूल. पावसाळ्यात अंगणाचा चिखल झाला की कोरडी भुकटी फक्त तिथंच मिळायची. घरची माणसं हाकलून दमायची. खरं तर कोंबडीचं बरोबर होतं. किड्याच्या कवचावर मेणाचा पातळ थर असतो आणि त्याच्या अंगातलं पाणी त्या थरामुळं टिकतं. राखेचा बारीक कण तो थर खरवडतो, शोषतो. किडा विषबाधेनं नव्हे, आतून वाळून मरतो.

याच कारणानं कोरेगावचा वाघ्या घेवडा घरात राखेत ठेवला जायचा. हा तोच घेवडा, ज्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बियाण्याला राख चोळली की भुंग्याला दाण्यांमधून फिरता येत नाही, आणि फिरलाच तर तो वाळतो. म्हणजे कणगीतल्या भुंग्यावर आणि खुराड्यातल्या उवेवर आपल्या आज्यांनी एकच इलाज चालवला होता, तोही फुकटात.

सगळ्या राखा सारख्या नसतात. भाताच्या तुसाच्या राखेत सिलिका भरपूर, नव्वद टक्क्यांच्या आसपासही जाते, त्यामुळं ती जास्त खरखरीत. उसाच्या चिपाडाच्या राखेतही सिलिका चांगली असते. गॅसच्या शेगडीनं घरातली राख पळवली खरी, पण ज्या भागात गुऱ्हाळं पेटतात त्या भागात राखेचा दुष्काळ म्हणजे कमालच. दोन गोष्टी तेवढ्या सांभाळा. राख पुरती विझलेली हवी, नाहीतर एका निखाऱ्यानं खुराडं पेटायचं. आणि ती कोरडी हवी. ओली राख क्षारयुक्त असते, कातडीची आग करते आणि किड्याला मारण्याच्या कामातून जाते.

अंगावरचे आणि भिंतीतले

राखेची पावडर कुठं टाकायची हे चोर कुठं राहतो त्यावर ठरतं. कोंबडीची ऊ जन्मभर कोंबडीच्याच अंगावर राहते. पिसं आणि कातडीचा कोंडा खाते, तिथंच लिखा घालते आणि कोंबडीपासून दूर पडली तर काही दिवसांत मरते. माणसाच्या डोक्यात ती संसार थाटत नाही, तेव्हा उगाच खाजवू नका. तिच्यासाठी पावडर पंखांखाली आणि शेपटीखाली, पिसं उलटी करून चोळायची. वेळ संध्याकाळची, कोंबड्या पेंगुळल्या की. लिखांवर पावडर चालत नाही, म्हणून आठ-दहा दिवसांनी दुसरा हात हवाच. बहुतेक लोक इथंच कंटाळा करतात आणि मग राखेला नावं ठेवतात.

लाल माइट मात्र निशाचर. दिवसभर फटीत, बांबूच्या सांध्यात, भिंतीच्या भेगेत लपतो. रात्री बाहेर पडतो, रक्त पितो आणि उजाडायच्या आत घरी. दिवसा कोंबडी तपासली तर अंग साफ! ओळखायची युक्ती सोपी. कोंबड्या ज्या दांडीवर बसतात तिच्या खालच्या अंगानं पांढरं फडकं फिरवा. तांबडे डाग आले की समजा, पाहुणे घरात आहेत. रिकाम्या खुराड्यातही हा माइट उपाशीपोटी महिनोन् महिने तग धरतो. कोंबड्यांची गोचीड त्याहून चिवट, ती वर्षानुवर्षं उपाशी राहू शकते. यांच्यासाठी कोंबडीला पावडर चोळून काय होणार? भेगा बुजवा, खुराड्याला चुना लावा, फटींत राख भरा. जनावरांच्या गोचिडीचंही तसंच. एक टम्म फुगलेली मादी खाली पडून गोठ्याच्या भेगांत हजारो अंडी घालते. गाईला चोळत बसलात आणि गोठा विसरलात, तर गोचीड तुम्हाला रोज रामराम घालणार.

डायनामाइटचा भाऊ

परदेशात राखेच्या जागी सध्या एका पांढऱ्या भुकटीचं मोठं कौतुक आहे, डायटोमाइट. पाण्यात राहणाऱ्या डायटम नावाच्या एकपेशीय शेवाळाची सिलिकाची कवचं लाखो वर्षं तळाशी साचून हिचे थर बनले. आज पृथ्वीवर दरवर्षी तयार होणाऱ्या ऑक्सिजनचा अंदाजे पाचवा हिस्सा याच डायटमच्या वंशजांची कमाई. काम करायची पद्धत राखेचीच, मेणाचा थर शोषायचा आणि किडा वाळवायचा. आल्फ्रेड नोबेलनं १८६७ मध्ये हीच भुकटी नायट्रोग्लिसरीनमध्ये मिसळली आणि डायनामाइट तयार झाला. डोंगर फोडणाऱ्या आणि उवा मारणाऱ्या मालात कच्चा माल सामाईक!

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कोंबड्यांना लोळायला वाळूच्या पेट्या दिल्या आणि वाळूत डायटोमाइट, केओलिन नावाची पांढरी माती किंवा गंधक मिसळलं. डायटोमाइट आणि केओलिनमध्ये ज्या कोंबड्या लोळल्या, त्यांच्या अंगावरचे उवा-माइट आठवड्याभरात ८० ते १०० टक्के घटले. गंधकानं तर कडी केली, आळशीपणानं न लोळलेल्या शेजारणींच्या अंगावरचेही कमी झाले.

गंधक आपल्याला नवं नाही. तासगावच्या द्राक्षबागांत भुरी रोगावर त्याची धुरळणी होतेच. फक्त एक भान ठेवा. गंधकाची पूड चालेल, पण कोंबड्या आत असताना गंधकाचा धूर कधीच करू नका. तो धूर माइटच्या आधी कोंबडीचा जीव घेईल.

हळद, निंब आणि बाकीची मंडळी

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण बैलांना तिची महती आधीपासून ठाऊक. बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणीत जुवानं सोललेल्या खांद्याला हळद आणि तेल-लोणी चोळतात. जखमेवर माशी बसू नये, हा त्यातला व्यवहार. उवा मारायचं काम मात्र एकट्या हळदीकडून करून घेऊ नका. तिला ते पेलत नाही.

कडुनिंबाकडं जगाचं लक्ष वेधलं ते १९५९ मध्ये सुदानमध्ये. टोळधाडीनं सगळा हिरवा पाला फस्त केला, निंबाची झाडं तेवढी उभी राहिली, आणि हे हाइन्रिश श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञानं टिपलं. निंबातलं अ‍ॅझाडिरॅक्टिन किड्याला कात टाकू देत नाही, म्हणून त्याचा गुण सावकाश दिसतो. १९९४ मध्ये निंबाच्या अर्कावर युरोपात एका अमेरिकी कंपनीला पेटंटही मिळालं होतं. भारतीयांच्या बाजूनं ते लढवलं गेलं, २००० मध्ये रद्द झालं आणि २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. लिंबोळ्या गोळा करताना हे आठवलं तर छाती जरा फुगेल.

शेवंतीच्या जातकुळीतल्या पायरेथ्रम या पांढऱ्या फुलाची पूड किड्याच्या मज्जातंतूंवर घाव घालते. डासांच्या अगरबत्तीचं मूळही तिच्यातच. जपानच्या एइइचिरो उएयामा यांनी १८९० च्या सुमारास या पुडीची उदबत्ती केली आणि ती जास्त वेळ जळावी म्हणून गोल गुंडाळायची कल्पना त्यांच्या पत्नी युकी यांची. मासे पाळले असतील तर ही पूड तळ्यापासून लांब.

झाडाचं आहे म्हणून

आता तंबाखू. पूर्वी अमेरिकेत कोंबड्यांच्या दांड्यांना संध्याकाळी निकोटिनचं द्रावण फासत. कोंबड्या बसल्या की त्यांच्या अंगाच्या उबेनं त्याची वाफ होई आणि उवा मरत. मेक्सिकोतल्या शहरी चिमण्या घरट्यात सिगारेटची थोटकं भरतात आणि त्या घरट्यांत माइट कमी सापडतात. वाहवा करायच्या आत पुढचं ऐका. त्याच पिलांच्या पेशींत गुणसूत्रांची मोडतोडही आढळली. निपाणीची तंबाखू कितीही जवळ असली तरी ती कोंबडीला चोळू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर जालीम खरी, पण डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा करते, माणसाच्याही. वेखंडाची पूड बाळाच्या न्हाणीघरातली, तरी खाद्यपदार्थांत घालायला अमेरिकेनं १९६८ मध्ये तिच्यावर बंदी घातली. तेव्हा खुराड्यात टाका, दाण्यात नको.

यापेक्षा मोठी फसगत २०१७ मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये झाली. लाल माइटवर निलगिरी आणि मेंथॉलचं ‘नैसर्गिक’ औषध म्हणून जे विकलं गेलं, त्यात फिप्रोनिल हे कोंबड्यांवर वापरायला बंदी असलेलं रसायन निघालं. लाखो अंडी नष्ट करावी लागली. आपल्याकडं घरोघरी कोनाड्यात असलेली गॅमॅक्सिन पावडर तरी निसर्गाचा आव आणत नव्हती. १ एप्रिल १९९७ पासून तिच्यावर देशात बंदी आली. जुन्या घरात डबा सापडला तर कोंबडीजवळ नेऊ नका.

करून बघायचं असेल तर जुना टायर शेडखाली, पावसाची झड पोचणार नाही असा ठेवा. त्यात चाळलेली राख, बारीक कोरडी माती आणि थोडी वाळू भरा. भरताना नाकाला रुमाल बांधा, बारीक धूळ तुमच्याही फुप्फुसाला सोडत नाही. पहिले एक-दोन दिवस कोंबड्या लांबूनच माना वाकड्या करून बघतील. मग एक धीट उतरेल आणि तिच्यामागं रांग लागेल. एखादी त्यातच अंडं घालून मोकळी झाली, तर राख पुसून घ्या आणि पोळी करा.