मध काढा, पण माश्यांचं घर मोडू नका

"परसात दोन पेट्या ठेवल्यात, मध कधी आणि किती काढू?" असं बरेच जण विचारतात. उत्तर माझ्या चुकीपासूनच सुरू करतो.

पहिल्या वर्षी मे महिन्यात मी पेटीतला दिसेल तेवढा मध काढला. दुकानात बाटल्या हातोहात खपल्या. पावसाळ्यात झाकण उघडलं, तर पेटी रिकामी! आपली सातेरी माशी अशीच आहे. खायला उरलं नाही किंवा सारखा त्रास झाला, की सगळी वसाहत उठून निघून जाते.

तेव्हापासून हिशोब पक्का केला: मध हा नफा, माश्या हे भांडवल. नफा घेताना भांडवलाला हात लावायचा नाही.

1. फक्त वरचा मध घ्या. खालच्या कोठीत अंडी, पिल्लं आणि त्यांचं खाणं असतं. ती तशीच सोडा. मध फक्त वरच्या मधकोठीतून काढा, आणि पावसाळा तोंडावर असेल तर तिथलाही थोडा ठेवा. पावसात माश्यांना बाहेर पडता येत नाही.

2. पिकलेलाच मध काढा. चौकटीतली निदान पाऊण घरं मेणाने बंद झालेली हवीत. कच्च्या मधात पाणी जास्त असतं, तो आंबतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही.

3. वेळ निवडा. स्वच्छ ऊन, वारा कमी, बऱ्याच माश्या फुलांवर गेलेल्या. अंगाला अत्तर नको. तोंडावर जाळी हवीच.

4. धूर बेताचा. सुक्या शेणीचा किंवा नारळाच्या सोडणाचा गार धूर, दोन-तीन फुंकर पुरे. धूर जास्त झाला तर माश्या बिथरतात आणि मधालाही वास लागतो. चौकटीवरच्या माश्या मऊ ब्रशने हलकेच खाली उतरवा, झटकू नका.

5. पोळं पिळू नका. चौकट मधयंत्रात फिरवली की मध निघतो आणि पोळं शाबूत राहतं. नवं पोळं बांधायला माश्यांना बराच मध खर्च करावा लागतो. हे काम बंद खोलीत करा. बाहेर मध सांडला, तर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात. रिकाम्या चौकटी संध्याकाळी पेटीत परत ठेवा.

यंदा दोन बाटल्या कमी भरल्या तरी चालेल. पुढच्या वर्षी पेटी गजबजलेली असेल, तर धंदा आपोआप चालेल.