नॉर्थ प्लॅट : रेल्वेप्रेमींनो, इथे थांबाच

अमेरिकेत नेब्रास्कातून जाणार असाल, तर नॉर्थ प्लॅट चुकवू नका. युनियन पॅसिफिकचं बेली यार्ड इथेच आहे. मालडब्यांची वर्गवारी करणारं जगातलं हे सर्वांत मोठं यार्ड, लांबी जवळपास १३ किलोमीटर! गोल्डन स्पाइक टॉवरवर चढा आणि बघत राहा. डबे एका उंचवट्यावर ढकलले जातात, तिथे सुटे होतात आणि इंजिनाशिवाय, निव्वळ उतारावर घरंगळत आपापल्या रुळावर जाऊन नव्या गाडीला लागतात. वेग आवरायला रुळांतच ब्रेक असतात.

कोडी पार्कात चॅलेंजर ३९७७ हे वाफेचं अजस्र इंजिन आहे, तेही बघा.

पण या गावाबद्दल खरा आदर वाटतो तो दुसऱ्या महायुद्धात स्टेशनवर सैनिकांसाठी चालवलेल्या कँटीनमुळे. डिसेंबर १९४१ मध्ये गावकरी आपल्या नेब्रास्काच्या जवानांसाठी खाऊ घेऊन स्टेशनवर गेले. गाडीत निघाले कॅन्ससचे जवान. खाऊ त्यांनाच दिला! मग २५ डिसेंबरपासून प्रत्येक सैनिकी गाडीचं स्वागत सुरू झालं, ते १ एप्रिल १९४६ पर्यंत. साठ लाखांहून अधिक सैनिकांना कॉफी, सँडविच, केक. तेही रेशनिंगच्या काळात, आसपासच्या गावांतल्या बायकांनी घरून आणलेलं. ते स्टेशन १९७३ मध्ये पाडलं, याचं फार वाईट वाटतं. कँटीनच्या आठवणी लिंकन काउंटीच्या इतिहास संग्रहालयात जपल्या आहेत. तिथे निवांत वेळ काढून जा.