पदवीधर मुलगा पुण्याला आहे, पण त्याचा हिशेब घरी कोणी विचारला?

फैजपूर, सावदा, यावल, रावेर या भागातील आपल्या समाजात आता घरोघरी पदवीधर आहेत. आईबापांनी केळीच्या बागेत मजुरी केली, घड वाहिले. पण पोराला फैजपूरच्या धनाजी नाना महाविद्यालयात शिकविले. पदवी हाती आली आणि मुलगा भुसावळहून महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला गेला. घरचे अभिमानाने सांगतात, "पोरगा पुण्याला कंपनीत आहे." तो तिथे कसा राहतो, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. तोही सांगत नाही.

आम्ही कारकुनी पेशाचे, म्हणून सरळ जमाखर्च मांडतो. समजा, पगार १५,००० रुपये आहे. भविष्यनिर्वाह निधीचे बारा टक्के म्हणजे १,८०० रुपये, व्यवसाय कर २०० आणि कामगार विम्याचे ११३ रुपये कापले की हाती १२,८८७ उरतात. एका खोलीत चार-पाच जण, त्यात एका कॉटचे ४,५०० धरा. खाणावळ ३,५००, बसचा पास १,५००, चहा-नाष्टा १,०००, मोबाईल, साबण, औषध ९००. एकूण ११,४०० झाले. शिल्लक १,४८७. त्यातून सरकारी परीक्षेचा एक अर्ज भरायचा. २०२३ च्या तलाठी भरतीत राखीव प्रवर्गाला ९०० रुपये शुल्क होते. ते भरले की उरतात ५८७. आता घरी काय पाठवायचे? मग पोरगा रात्रीचे जेवण वडापाववर भागवितो आणि फोनवर "जेवलो" म्हणून सांगतो.

त्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शासनाने बाहेरच्या संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला. मग आरक्षणाचे काय, असा प्रश्न उठला, राज्यभर विरोध झाला आणि ऑक्टोबरमध्ये तो निर्णय रद्द करावा लागला. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. शासनच पदवीची किंमत एवढी लावते, तर खासगी मालक जास्त का देईल?

हे दुखणे केवळ आपले नाही. चीनने १९९९ पासून विद्यापीठांतील प्रवेश झपाट्याने वाढविले. पदवीधर वाढले, पण तशा नोकऱ्या वाढल्या नाहीत. बीजिंगच्या उत्तरेला थांगज्यालिंग नावाच्या वस्तीत कमी पगाराचे हजारो पदवीधर लहान खोल्यांत दाटीने राहत. लियान स्सी या अभ्यासकाने २००९ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि त्यांना 'मुंग्यांची जमात' हे नाव रूढ झाले. मुंगी हुशार असते, कष्टाळू असते, पण एकटी असली की दुबळी! पुढे २०१० मध्ये ती वस्ती पाडली गेली, पोरे दुसऱ्या वस्त्यांत गेली. प्रश्न तसाच राहिला. जून २०२३ मध्ये तिथल्या शहरी तरुणांतील बेकारी २१.३ टक्क्यांवर गेली, तेव्हा सरकारने काही महिने तो आकडाच जाहीर करणे थांबविले. आकडा झाकल्याने पोट भरत नाही.

आपल्या मुलांच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते. खोली बघायला गेले की आधी आडनाव विचारले जाते. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोद्याला आले, तेव्हा त्यांनाही राहायला जागा मिळाली नव्हती. आज नकार तोंडावर दिला जात नाही, "खोली गेली" एवढेच म्हणतात.

मग करायचे काय? पहिली गोष्ट घरच्यांसाठी. "किती पाठवतोस?" याच्या आधी "तुझ्याजवळ किती उरतात?" हे विचारा. पगार कमी असणे हा मुलाचा गुन्हा नव्हे. वस्तीतल्या दुसऱ्याच्या पोराशी त्याची तुलना करू नका. लाजेपोटी खोटे बोलणारा मुलगा आजारपणातही घरी कळवीत नाही, आणि धोका तिथेच आहे.

दुसरी मुलामुलींसाठी. नेमणूकपत्र आणि पगाराची पावती मागून घ्या, जपून ठेवा. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार कायद्यांत नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे. पगारातून कापलेला निधी खात्यात खरोखर जमा होतो का, हे यूएएन क्रमांकावरून दर महिन्याला पाहा. स्पर्धा परीक्षेसाठी महागडा वर्ग लावण्यापूर्वी बार्टीच्या मोफत प्रशिक्षणाची चौकशी करा. परीक्षेला किती वर्षे द्यायची, हे घरी बसून आधीच ठरवा.

तिसरी समाजासाठी. जयंतीच्या मिरवणुकीला वर्गणी निघते. तशीच पुण्यातील एखाद्या विहारात खान्देशच्या मुलांसाठी एक वही निघावी. कोणाकडे खोली रिकामी आहे, कुठे जागा भरायची आहे, कोण आजारी आहे, याची तीत नोंद व्हावी. पुण्यात स्थिरावलेल्या नोकरदार बांधवांनी नव्या मुलाला पहिला महिनाभर जरी आसरा दिला, तरी त्याची अनामत रकमेची चिंता पुढे ढकलली जाईल.

शिकण्याचा मार्ग आपण मनापासून धरला. संघटित होण्याचे काम मात्र गावच्या वेशीपाशीच थांबले आहे. ते आता पुण्याच्या त्या कॉटपर्यंत पोहोचले पाहिजे. जयभीम!