परदेशी निघालात? पिशवी आणि पायताण आधी तपासा



चांदवडचा माणूस लांबच्या प्रवासाला निघाला म्हणजे पूर्वी पंढरपूर, काशी, फार तर रामेश्वर. रेणुकामातेपुढे नारळ वाढवायचा, मनमाडला गाडी धरायची, की लागले प्रवासाला. आता तसे राहिलेले नाही. कोणाचा मुलगा अमेरिकेत नोकरीला, कोणाची लेक ऑस्ट्रेलियात, कोणाचा भाऊ दुबईत. सुनेचे बाळंतपण आले की सासू-सासरे सहा महिन्यांची तयारी करून विमानात बसतात. कृषी खात्याच्या अभ्यास दौऱ्यातून आपले बागायतदार इस्राएल, हॉलंड पाहून येतात. कांद्याला बरा भाव सापडला तर चार जोडपी मिळून सिंगापूरच्या सहलीला जातात आणि तिथून दोन-चार रात्री मोठ्या प्रवासी जहाजावर काढतात.

या मंडळींना पासपोर्ट, व्हिसा, तिकीट यांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. पण शेतकऱ्याचे सामान इतरांसारखे नसते. त्याच्या पिशवीत स्वतःच्या रानातले काहीतरी असतेच, आणि बुटाच्या खाचेत रानाची माती असते. परदेशातल्या विमानतळावरचा अधिकारी नेमके हेच शोधत असतो. त्याविषयी आज थोडे विस्ताराने लिहितो.

अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांत उतरल्यावर प्रवाशाला विचारतात, किंवा छापील अर्जावर प्रश्न असतो: तुम्ही अलीकडे शेतावर गेला होता का? जनावरांच्या जवळ होता का? सोबत खाण्याचे पदार्थ, बियाणे, माती आहे का? आपला माणूस इथे बिचकतो. आयुष्य गोठ्यात गेले तरी "नाही" म्हणून मोकळा होतो. असे करू नका. "होय, मी शेतकरी आहे, घरी गाई-म्हशी आहेत" असे सरळ सांगा. फार तर बूट काढून घेतील, तळवे पाहतील, धुऊन परत देतील.

त्यांना एवढी धास्ती कसली? तर आपल्या लाळ्या-खुरकुताची. आपल्याकडे या रोगाची लस टोचणे हा गोठ्यातला नेहमीचा कार्यक्रम झाला आहे. तोंड आलेली, खुरे सडलेली गाय आपण पाहिलेली असते, त्यामुळे त्याचे नवल वाटत नाही. पण अमेरिकेत हा रोग १९२९ नंतर आलेला नाही, ऑस्ट्रेलियात १८७२ नंतर नाही, न्यूझीलंडमध्ये तर कधीच नाही. इंग्लंडमध्ये २००१ साली तो शिरला. डुकरांना घातलेल्या खरकट्यातून, बहुधा बाहेरून चोरून आलेल्या मांसामुळे, तो सुरू झाला असावा असा निष्कर्ष चौकशीत निघाला. रोग आवरण्यासाठी साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. त्यांत निरोगी गाई-मेंढ्याही होत्या, कारण शेजारच्या गोठ्यात रोग निघाला होता. ज्याने दावणीची एक गाय गमावली आहे, त्याला हा आकडा समजावून सांगायला नको.

म्हणून प्रवासाला निघण्यापूर्वी रानातली पायताणे घरीच ठेवा. नवे बूट नसले तरी चालेल, पण जुने असतील तर ब्रश आणि साबण घेऊन खाचांमधली माती काढा आणि उन्हात खडखडीत वाळवा. गोठ्यात वापरलेले धोतर, उपरणे, स्वेटर धुतल्याशिवाय पेटीत घालू नका.

आता खाण्याच्या पदार्थांकडे वळू. आईची माया पिशवीत भरली जाते. सून म्हणते काही आणू नका, तरी आई चार डबे भरतेच. मी माउल्यांना दोष देत नाही, पण कोणता डबा कुठे चालत नाही हे ठाऊक असावे.

हापूसचेच घ्या. अमेरिकेत मुलाला चार आंबे न्यावेत असे वाटणे साहजिक आहे. पण आपल्या शेजारच्या लासलगावला 'कृषक' नावाचे केंद्र आहे, ते आठवा. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली ते उभारले, मुख्यतः कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून. भारताच्या आंब्याला अमेरिकेचे दार बरीच वर्षे बंद होते. ते २००७ साली उघडले, ते याच केंद्रात आंब्यावर किरणांचा मारा करण्याच्या अटीवर. कोयीत राहणारा भुंगा आणि फळमाशी यांची पुढची पैदास त्याने थांबते. व्यापाऱ्याच्या पेटीला एवढे सोपस्कार असतील, तर तुमच्या पिशवीतले चार आंबे ते कसे सोडतील? युरोपने तर १ मे २०१४ पासून आपला आंबा आणि त्याबरोबर वांगी, कारली, पडवळ, अळू यांची आयातच थांबवली होती, कारण आलेल्या मालात फळमाशी आणि इतर किडी निघाल्या होत्या. आंब्यावरची बंदी २०१५ च्या आरंभी उठली, भाज्यांची त्यानंतर.

ताज्या कढीपत्त्याचेही तेच. एक डहाळी म्हणजे काय मोठेसे, असे वाटते. पण संत्र्या-मोसंबीवरची सिट्रस सायला ही कीड कढीपत्त्यावरही राहते आणि ती ग्रीनिंग रोग पसरवते. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात हा रोग २००५ साली सापडला. वीस वर्षांत तिथले संत्र्याचे उत्पन्न दहाव्या हिश्श्याच्या आसपास आले. मधल्या काळात वादळांनीही बागा झोडपल्या, पण मुख्य घाव या रोगाचा. विदर्भातल्या संत्रेवाल्यांना त्याचा अर्थ कळेल.

तांदळाची गोष्ट याहून मजेची आहे. आजीला वाटते, नातवाला आपल्या इंद्रायणीचा भात मिळावा. अमेरिकेने २०११ साली आपल्यासारख्या देशांतून प्रवाशांनी सामानात तांदूळ आणण्यावर बंदी घातली; पुढे हरभरा, करडई, सोयाबीन यांवरही घातली. याचे कारण खापरा भुंगा. आपल्या कणगीतला, बारदानाच्या शिवणीत लपणारा, खायला काही नसले तरी वर्षानुवर्षे तग धरणारा. तिकडचे शास्त्रज्ञही त्याला 'खापरा' याच नावाने ओळखतात! कॅलिफोर्नियात तो १९५३ साली धान्याच्या कोठारांत सापडला आणि त्याला निपटायला १९६६ साल उजाडले. तेव्हा तांदूळ तिथल्या दुकानातूनच घ्या.

युरोपीय संघाच्या देशांत जाणार असाल तर दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेऊ नका. त्यात साजूक तूप, पेढे, खव्याची बर्फी सगळे आले. फळे-भाज्यांना १४ डिसेंबर २०१९ पासून तिथे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, म्हणजे आपले द्राक्ष निर्यातदार ज्याला 'फायटो' म्हणतात तेच. केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन नावाचे एक फळ तेवढे त्यातून वगळले आहे.

दुबईकडे किंवा सौदीला जाणाऱ्यांनी खसखस अजिबात नेऊ नये. आपल्याला ती मसाल्याची वस्तू, पण तिथला कायदा तिला अफूच्या झाडाचे बी म्हणून पाहतो. दिवाळीत लेकीला अनारसे पाठवताना हे ध्यानात ठेवा. अनारशाला खसखस असतेच. घरच्या मसाल्यात ती कुटून घातली असेल तर तो मसालाही नको. सिंगापूरला तंबाखूची पुडी, गुटखा चालत नाही. काही गावकरी मंडळींना हा नियम व्हिसापेक्षा जड वाटतो, त्याला माझा इलाज नाही.

सुके खोबरे विमानाच्या सामानातच नाकारतात. त्यात तेल असते, कोंडलेल्या जागी ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. लोणचे न्यायचे असेल तर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत, दोन पिशव्यांत गुंडाळून, मोठ्या पेटीत ठेवा. हातातल्या पिशवीत ते अडकते. पानाचा अडकित्ता, सुरी, विळीचे पाते हेही मोठ्या पेटीतच जाऊ द्या. औषधे मात्र हातातल्या पिशवीत ठेवा, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. आखाती देशांत खोकल्याच्या आणि दुखण्याच्या काही औषधांनाही बंदी आहे, तेव्हा चिठ्ठी घेताना डॉक्टरांना कुठे जाणार ते सांगा.

एवढे सांगूनही काही राहून गेले आणि पिशवीत काही निघाले, तर काय? एकच करायचे. अधिकाऱ्याने विचारण्याआधी सांगायचे. अर्जावर "होय" वर खूण करायची आणि डबा काढून पुढे ठेवायचा. आपल्या भागातले एक जोडपे लेकीकडे ऑस्ट्रेलियाला गेले होते. इंग्रजी येत नव्हते, पण लेकीने आधीच शिकवून ठेवले होते. त्यांनी सगळी पेटी उघडून दाखवली. अधिकाऱ्याने बियांची पुडी तेवढी काढून घेतली, चिवडा-चकली परत दिली आणि हसून जायला सांगितले. न सांगता सापडले की गोष्ट बदलते. न्यूझीलंडमध्ये जागेवरच ४०० डॉलर दंड घेतात, मग ते पिशवीच्या तळाशी विसरलेले एक सफरचंद का असेना. ऑस्ट्रेलियात दंडाबरोबर व्हिसाही रद्द होऊ शकतो.

जहाजाने जाणाऱ्यांनाही हे सारे लागू आहे. जहाजावर जेवणाची रेलचेल असते आणि टेबलावरचे केळे-सफरचंद दुपारसाठी पिशवीत टाकण्याची आपली सवय जात नाही. खा पोटभर, पण बंदरावर उतरताना पिशवी रिकामी ठेवा. जहाज सिंगापूरहून निघून दुसऱ्या देशात जाऊन परत सिंगापूरला येणार असेल, तर सिंगापूरचा व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेशाचा आहे ना, हे तिकीट काढण्याआधी पाहा. बंदरावर उतरलात की परतीची वेळ कागदावर लिहून घ्या. जहाज कोणासाठी थांबत नाही. ज्यांना बोट लागते त्यांनी जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची खोली मागावी, तिथे हेलकावा कमी. आणि जेवणाआधी हात साबणाने धुवा. जहाजावर जुलाब-उलट्यांची साथ पसरली की भराभर पसरते आणि नुसत्या सॅनिटायझरने तिचे विषाणू नीट जात नाहीत. मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडेही अशा सफरी निघतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी असे मला वाटते.

पासपोर्टबद्दल दोनच शब्द. नाशिकला सेवा केंद्र आहे. आधार कार्ड आणि इतर कागदांवरचे नाव, जन्मतारीख जुळवून घ्या, कारण आपल्याकडे शाळेत एक, सातबाऱ्यावर दुसरे अशी नावे असतात. परतीच्या तारखेनंतरही पासपोर्टची मुदत सहा महिने उरलेली असावी. आफ्रिकेत जाणार असाल तर पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी घ्या. तो दाखला नसेल तर त्या देशांतून परतल्यावर आपल्याच विमानतळावर अडकवून ठेवू शकतात.

आता परतीचा प्रवास. मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते.

इस्राएलच्या बागेत एखादे लालभडक डाळिंब पाहिले, की बागायतदाराचा हात कात्रीकडे जातो. चार काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून पेटीच्या कोपऱ्यात सरकवायच्या, गावात कोणाकडे नाही असे वाण आपल्याकडे. वहिनींचेही तसेच, मुलीच्या अंगणातले फुलझाडाचे बी रुमालाच्या गाठीत बांधून आणतात. हा गुन्हा तर आहेच. १९१४ चा किडी-रोगांविषयीचा कायदा आणि २००३ चा वनस्पती संगरोध आदेश यांप्रमाणे परवाना आणि आरोग्य प्रमाणपत्राशिवाय बियाणे, कलमे आणता येत नाहीत. माती आणायलाही मनाई आहे. पण कायदा बाजूला ठेवा आणि तेल्या आठवा.

आपल्या भागात तेल्या कसा पसरला ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे. रोगट बागेतली गुटी स्वस्तात मिळाली म्हणून आणली, छाटणीची कात्री एका बागेतून दुसऱ्या बागेत धुतल्याविना फिरली. कसमादे पट्ट्यातल्या कितीतरी बागा लोकांनी स्वतःच्या हाताने उपटून पेटवल्या. कर्ज तेवढे उभे राहिले. हा रोग शेजारच्या तालुक्यातून आलेल्या काडीने केला. समुद्रापलीकडून येणाऱ्या काडीत काय असेल, त्याचे औषधही आपल्याकडे नसेल.

द्राक्षवाल्यांसाठी एक जुनी हकिकत. १८६० नंतरच्या काळात फ्रान्समध्ये हौसेने अमेरिकेतून द्राक्षाची रोपे आणली गेली. त्यांच्या मुळांवर फायलोक्सेरा नावाची माव्यासारखी बारीक कीड होती. अमेरिकी वेलीला तिचे काही वाटत नसे. फ्रान्सच्या वेली मात्र मुळापासून सुकत गेल्या आणि देशातल्या निम्म्याहून अधिक बागा कोलमडल्या. शेवटी त्याच अमेरिकी मुळांवर फ्रान्सची कलमे बांधून बागा पुन्हा उभ्या राहिल्या. आपण ज्या डॉगरिजच्या खुंटावर आज कलम करतो, तो खुंटही अमेरिकी वंशाचाच.

अलीकडची उदाहरणे तर आपल्याच रानातली आहेत. गाजरगवत १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात दिसले. परदेशी गव्हाबरोबर आले असे मानतात. टोमॅटोवरची टुटा ही नागअळी भारतात २०१४ साली पहिल्यांदा नोंदली गेली, तीही महाराष्ट्रात. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी आपल्याकडे पोचली. मक्याच्या पोंग्यात औषध सोडून ज्यांची कंबर मोडली, त्यांना मी अधिक काय सांगणार?

परदेशातले वाण खरोखर चांगले वाटले तर त्याचे नाव लिहून आणा, फोटो काढा, तिथल्या रोपवाटिकेचा पत्ता घ्या. मग ते कागद घेऊन तालुका कृषी कार्यालयात या. डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून सोलापूरला आहे, द्राक्षाचे पुण्यात मांजरीला आहे, त्यांना लिहू. परवाना काढून कलमे आणली तर ती ठरावीक काळ वेगळी, देखरेखीखाली वाढवून मगच बागेत लावायची असतात. याला वेळ लागतो हे खरे.

घरी पोचल्यावर बागेची ओढ लागलेली असते. तरी त्या दिवशी थेट बागेत जाऊ नका. परदेशातल्या शेतावर, गोठ्यावर घातलेले बूट आणि कपडे आधी धुवायला टाका, आंघोळ करा, पायात घरची चप्पल घाला, मग जा. आणि तुमची बाग पाहायला परदेशी पाहुणे येणार असतील, तर बांधावर जंतुनाशकाच्या पाण्याची पाटी ठेवा आणि त्यांना त्यात पाय बुडवून आत यायला सांगा. त्यांना राग येत नाही, त्यांच्या देशात हे रोजचेच असते.