कस्तुरबानगरची गोष्ट पडद्यावर
गुन्हेगारीवरची मालिका म्हटलं की डोळ्यासमोर आधी मुंबई येते. पण ज्याच्यावर सिनेमाही निघाला आणि माहितीपट मालिकाही, असं एक प्रकरण आपल्या नागपूरचं आहे: अक्कू यादव.

उत्तर नागपुरातली कस्तुरबानगर ही कष्टकऱ्यांची वस्ती. तिथं अक्कूची वर्षानुवर्षं दहशत. खंडणी, घरात घुसणं, बायकांवर अत्याचार. तक्रारी होत, तो सुटून परत येई. 13 ऑगस्ट 2004 ला त्याला जिल्हा न्यायालयात आणलं, आणि वस्तीतल्या बायांचा जमाव थेट कोर्टाच्या खोलीत घुसला. हातात मिरचीपूड आणि भाजी चिरायच्या सुऱ्या. अक्कू तिथंच मेला. पुढं धरपकड सुरू झाली, तर बाया म्हणाल्या, आम्हा सगळ्यांनाच अटक करा! पुराव्याअभावी 2014 मध्ये आरोपी निर्दोष सुटले.

यावरून 2021 मध्ये '२०० हल्ला हो' आला. त्यात अमोल पालेकर आणि रिंकू राजगुरू आहेत, आणि जातीचा प्रश्न आडपडदा न ठेवता मांडलाय. 2022 मध्ये नेटफ्लिक्सवर 'इंडियन प्रिडेटर: मर्डर इन अ कोर्टरूम' आली. दिग्दर्शक कोण माहितीये? 'वळू' आणि 'देऊळ'वाले आपले उमेश कुलकर्णी!

मला विचाराल तर मालिका सरस. वस्तीतल्या बाया स्वतः बोलतात ना, त्यापुढं कोणताही लिहिलेला संवाद फिका पडतो. तीनच भाग आहेत, बघून घ्या. फक्त लहान पोरं झोपल्यावर लावा.