जुवावरील भार कसा जोखावा

दोन चाकांची गाडी भरताना एकूण ओझे किती, इतकेच बहुधा पाहिले जाते. जुवावर किती पडले, हे कोणी पाहत नाही. आमच्या मते बैलांचे नुकसान तेथेच होते. गाडी पुढे जड असली म्हणजे खांदे सुजतात. उलार झाली म्हणजे जू वर उचलते व गळ्यातील जुंपणीचा फास बसतो.

जोखण्याची रीत अशी : भरलेली गाडी सपाट जागी उभी करून चाकांस दगड लावावे. दोघा गड्यांनी जू धरल्यावरच बैल सोडावे. नंतर धान्याच्या काट्यावर तिवई ठेवून तीवर जू बैलांच्या खांद्याइतक्या उंचीवर टेकवावे. तिवईचे वजन वजा जाता उरेल तो मानेवरील भार होय.

आखापासून जू 8 फूट असेल, तर 100 किलोचे पोते 1 फूट पुढे सरकविल्याने जुवावर साडेबारा किलो वाढतात. मागे सरकविल्यास तितकेच घटतात. चढावर भार मागे कलतो, उतारावर पुढे येतो. कडब्याची उंच रचलेली गाडी याबाबत फार दगा देते. म्हणून घाटाची वाट असल्यास सपाटीवर जुवावर थोडा भार राखूनच निघावे. वाटेत माल उतरविणे झाल्यास प्रथम मागील पोती काढावी.